पिल्लू, प्रौढ आणि म्हातारे: एका घरात वेगवेगळ्या वयांची मांजरे

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या अडगळीत किंवा एखाद्या गाडीच्या बॉनेटखाली मांजरीची पिल्ले सापडू लागतात आणि ज्या घरात आधीच एखादे मांजर आहे, त्याच घराकडे ती हमखास पोचवली जातात. ‘तुमच्याकडे आहेच एक, त्यात हे सहज सामावून जाईल,’ हे वाक्य मांजर पाळणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. घरातले मांजर दोन-तीन वर्षांचे असेल तर ते वाक्य बऱ्याच अंशी खरेही ठरते. पण ते बारा-चौदा वर्षांचे असेल, तर पिल्लू येताच त्या घराचे सगळे गणित बदलते. अशा वेळी लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘दोघांची गट्टी जमेल का?’ असा. तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. गट्टी जमली नाही तरी मांजरे एका घरात सुखाने राहू शकतात. अडचण येते ती त्यांच्या शरीरांच्या गरजांमुळे, कारण पिल्लाला आणि म्हाताऱ्या मांजराला लागणाऱ्या गोष्टी अनेक बाबतींत एकमेकांच्या उलट असतात. शिवाय पिल्लाच्या धुमाकुळात म्हाताऱ्या मांजराचे आजारपण सहज झाकले जाते. माझे मत स्पष्ट आहे: घराची मांडणी सर्वांत म्हाताऱ्या मांजराच्या सोयीने करावी, कारण पिल्लू कशाशीही जुळवून घेते आणि म्हाताऱ्या शरीराला ते जमत नाही.

आधी वयाचा हिशेब पाहू. मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या सुमारे पंधरा वर्षांइतके, दुसऱ्या वर्षाअखेर ते चोवीस वर्षांच्या तरुणाइतके आणि त्यानंतरचे प्रत्येक वर्ष माणसाच्या सुमारे चार वर्षांइतके धरले जाते. या हिशेबाने चौदा वर्षांचे मांजर बहात्तर वर्षांच्या माणसाच्या वयाचे होते. मांजरांच्या आयुष्याच्या टप्प्यांविषयी अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनांनी 2021 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत जन्मापासून एक वर्षापर्यंत पिल्लू, एक ते सहा वर्षे तरुण, सात ते दहा वर्षे प्रौढ आणि दहा वर्षांपुढे वृद्ध अशी विभागणी आहे. आपल्याकडे पूर्वी मांजर आठ-नऊ वर्षे जगले की पुष्कळ झाले असे समजत, कारण ते घराबाहेर हिंडे, भांडणात जखमी होई, गाडीखाली येई. आता नसबंदी आणि लसीकरण झालेले, फ्लॅटमध्येच राहणारे मांजर पंधरा वर्षे सहज गाठते, आणि म्हणूनच एका छपराखाली तीन पिढ्यांची मांजरे नांदण्याचा प्रसंग आजच्या घरांत पूर्वीपेक्षा अधिक येतो.

आजी आणि नातवंडाचे चित्र मात्र मांजरांना लागू पडत नाही. पाळीव मांजर हे आफ्रिकी रानमांजराचे वंशज आहे आणि तो प्राणी एकट्याने शिकार करणारा आहे. उंदीर किंवा पाखरू ही एका जिवाला एका वेळेस पुरेल एवढीच शिकार, त्यामुळे ती वाटून खाण्याची सवय या जातीत तयार झाली नाही. भटक्या मांजरांचे कळप दिसतात ते बहुधा आई, मावश्या आणि लेकी अशा एकमेकींच्या नात्यातल्या माद्यांचे असतात. त्या एकमेकींची पिल्ले सांभाळतातही. बाहेरून आलेले अनोळखी मांजर, मग ते वीतभर का असेना, त्यांच्या लेखी परकेच असते. ही ओळख-परकेपणा ठरतो वासावर. घरातली मांजरे दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला आणि आपल्या पोटरीला गाल घासतात, एकमेकांना अंग घासतात, आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एक सामाईक वास तयार होतो. नव्या पिल्लाला तो वास नसतो. म्हातारे मांजर त्याच्यावर फिस्कारते, तेव्हा त्यात मत्सर शोधण्याचे कारण नाही. त्याच्या ओळखीच्या जगात एक अनोळखी गोष्ट शिरली आहे, एवढेच ते सांगत असते.

म्हाताऱ्या मांजराचे न दिसणारे दुखणे

मांजर दुखणे लपवते, हे सगळे ऐकून असतात. पण ते किती लपवते याची कल्पना एका अभ्यासावरून येते. बारा वर्षांवरील शंभर मांजरांच्या एक्स-रे तपासणीचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांपैकी नव्वद टक्के मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली. कुत्रा लंगडतो आणि मालकाच्या ते लक्षात येते. मांजर क्वचितच लंगडते, ते आपले वागणे बदलते. एखाद्या तेरा-चौदा वर्षांच्या मांजराला सोफ्यावर चढताना नीट पाहा. तरुणपणी ते न पाहता झेपावत असे. आता ते सोफ्यासमोर थांबते, वर पाहते, मागचे पाय दोन-तीनदा जागच्या जागी हलवते, मग पुढचे पंजे वर टाकून नख्या रुतवते आणि उरलेले अंग हातांच्या जोरावर वर ओढून घेते. उतरताना ते आधी पंजे सोफ्याच्या कडेवरून खाली सरकवत नेते, म्हणजे उडी कमी पडेल. यात कुठेही कण्हणे नाही, म्हणून ‘आता वय झाले, जरा मंदावली आहे’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. पाठीवरची आणि शेपटीजवळची लव गुंतलेली, गुठळ्या झालेली दिसू लागली तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की मान वळवून तिथपर्यंत चाटणे आता दुखते. नख्याही जाड होतात, घासल्या जात नाहीत आणि वाकून पंज्याच्या गादीत रुततात. त्या दर दोन-तीन आठवड्यांनी पाहाव्या लागतात.

आता या घरात पिल्लू आले आहे असे समजा. म्हातारे मांजर खिडकीत बसायचे थांबले. घरचे म्हणतात, पिल्लाने तिची जागा बळकावली. ती पलंगाखाली जाऊन बसू लागली. घरचे म्हणतात, रुसली आहे. तिने गादीवर लघवी केली. घरचे म्हणतात, सूड उगवते आहे. या प्रत्येक स्पष्टीकरणात थोडेफार तथ्य असू शकते, पण प्रत्येकामागे एक आजारही असू शकतो, आणि पिल्लू नसते तर हीच लक्षणे पाहून आपण पशुवैद्याकडे धावलो असतो. म्हणून पिल्लू घरी आणण्याच्या आधी म्हाताऱ्या मांजराची रक्त, लघवी आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी असे मी आवर्जून सांगेन. पुढे काही बिनसले, तर निदान तुलनेसाठी हाताशी आकडे असतात.

या तपासणीत प्रामुख्याने तीन गोष्टी शोधायच्या असतात. पहिली मूत्रपिंडाची झीज, जी उतारवयातल्या मांजरांत फार आढळते. तिचे पहिले लक्षण म्हणजे जास्त पाणी पिणे आणि जास्त लघवी करणे. एकच मांजर असेल तर भांडे लवकर रिकामे होते आणि लिटरमधले, म्हणजे शी-सूच्या ट्रेमध्ये घालायच्या वाळूसारख्या भुकटीतले, गोळे मोठे दिसतात, म्हणून लक्ष जाते. तीन मांजरे एकाच भांड्यातून पीत असतील तर कोणी किती प्यायले हे कळायला मार्ग राहत नाही. दुसरी गोष्ट थायरॉइडचा अतिरेक. यात मांजर भरपूर खाते, तरी वाळत जाते, अस्वस्थपणे फिरते, रात्री ओरडते. पिल्लाच्या संगतीने म्हातारीला तरतरी आली, असा समज करून घ्यायला हे चित्र अगदी सोयीचे असते, आणि म्हणून ते धोक्याचे आहे. तिसरी गोष्ट वाढलेला रक्तदाब, जो पहिल्या दोन आजारांच्या जोडीने येतो आणि डोळ्याचा आतला पडदा सुटून मांजराला एका रात्रीत आंधळे करू शकतो. गोळ्यांनी तो आटोक्यात ठेवता येतो, पण त्यासाठी आधी कोणीतरी तो मोजावा लागतो.

याशिवाय मेंदूचे म्हातारपण असतेच. पंधरा वर्षांवरील मांजरांपैकी निम्म्यांत तरी त्याच्या काही खुणा दिसतात: भिंतीकडे पाहत बसणे, आत्ताच जेवून पुन्हा जेवण मागणे, मध्यरात्री घरभर फिरत मोठ्याने हाका मारणे. ऐकू कमी येत असले तर मागून आलेल्या पिल्लाची चाहूल लागत नाही, मांजर दचकते आणि पंजा मारते. हा पंजा रागाचा नसतो, पण पिल्लाच्या डोळ्याला लागला तर परिणाम तोच.

घरच्या घरी करता येण्याजोगी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे वजन. मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहून फरक काढावा. टोपलीत बसवून किराणामालाच्या काट्यावर तोलता आले तर अधिक चांगले. चार किलोच्या मांजराचे वजन चारशे ग्रॅमने घटले तर हातांना ते जाणवतही नाही, पण तो शरीराचा दहावा हिस्सा आहे. महिन्यातून एकदा प्रत्येकाचे वजन भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवले की पुरे. दहा वर्षांपुढच्या मांजराला, ते ठणठणीत दिसत असले तरी, दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावे.

पिल्लाला काय हवे असते

पिल्लाची बाजू सांगायला सोपी आहे. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान ते माणसांना, आवाजांना आणि इतर मांजरांना सरावते. आई आणि भावंडांबरोबर ते आठ-बारा आठवडे राहिले तर चावण्याची आणि ओरबाडण्याची मर्यादा शिकते, कारण जोरात चावले की भावंड ओरडते आणि खेळ थांबवते. रस्त्यावर एकटे सापडलेले चार-पाच आठवड्यांचे पिल्लू हे शिक्षण न घेताच आपल्या घरी येते. तीन-चार महिन्यांच्या वयात त्याच्या खेळाला ऊत येतो. दबा धरणे, मागून झडप घालणे, मानगूट पकडून मागच्या पायांनी लाथा मारणे हे त्याचे दिवसभराचे उद्योग असतात, आणि घरात दुसरे पिल्लू नसेल तर हे सगळे प्रयोग म्हाताऱ्या मांजराच्या शेपटीवर होतात.

म्हणूनच ‘म्हातारीला सोबत हवी’ या हेतूने एक पिल्लू आणणे हा बहुतेक वेळा चुकलेला निर्णय असतो. सोबतीची गरज आपल्याला वाटत असते. चौदा वर्षांच्या मांजराला उबदार जागा, ठरलेल्या वेळा आणि शांतता हवी असते. आणायचेच असेल तर एकाच वेतातली दोन पिल्ले आणावीत, हा सल्ला ऐकायला उलटा वाटला तरी खरा आहे. ती एकमेकांशी खेळून दमतात आणि म्हाताऱ्या मांजराला बऱ्याच अंशी मोकळे सोडतात. ते शक्य नसेल तर पिल्लाशी खेळण्याचे काम घरातल्या माणसांना अंगावर घ्यावे लागते. काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे त्याला पळवावे, शेवटी ते ‘सावज’ त्याला पकडू द्यावे आणि लगेच जेवण घालावे. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. तो पुरा झाला की पिल्लू निवांत झोपते, आणि तेवढाच वेळ थोरल्यांनाही विसावा मिळतो.

ओळख करून देताना

नव्या पिल्लाला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, आणि याचे पहिले कारण वैद्यकीय आहे. त्याच्या अंगावर पिसवा असतात, पोटात जंत असतात आणि कातडीवर नायटा असू शकतो, जो मांजरांतून मांजरांत आणि माणसांतही पसरतो आणि घरभर पसरला की निस्तरायला महिने लागतात. लहान पिल्लांत सर्दी-शिंकांचे विषाणू नेहमीचेच असतात. ल्युकेमियाच्या विषाणूची चाचणी करून घ्यावी, कारण तो एकत्र राहणाऱ्या मांजरांत लाळेतून पसरतो. डॉक्टरांच्या बोलीत जिला ट्रायकॅट म्हणतात ती तीन विषाणूंविरुद्धची लस सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. याच निमित्ताने थोरल्या मांजराची लस कधी झाली होती तेही तपासावे. घरातून कधी बाहेर न गेलेल्या म्हाताऱ्या मांजराची लस बरीच वर्षे राहून गेल्याचे अनेक घरांत अशाच वेळी लक्षात येते.

याच दोन आठवड्यांत वासाची ओळख होऊन जाते. एका जुन्या मऊ फडक्याने पिल्लाचे गाल पुसावेत आणि ते फडके थोरलीच्या वाटेवर टाकून ठेवावे. तिने ते हुंगून पुढे जायला सुरुवात केली की दोघांची जेवणे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवावीत, आधी दूर आणि मग हळूहळू जवळ. दार किलकिले करणे, मध्ये जाळी ठेवून पाहू देणे, मग थोडा वेळ एका खोलीत सोडणे या पायऱ्या त्यानंतरच्या. या पुढच्या पायऱ्यांना किती दिवस लागतील ते म्हातारे मांजर ठरवते. कोणाच्या घरी आठवड्यात होते, कोणाकडे तीन महिने लागतात. ते जेवण सोडू लागले किंवा लिटरकडे जायचे टाळू लागले तर एक पायरी मागे यावे. पिल्लाला उचलून थेट तिच्या तोंडासमोर धरणे आणि मोबाइल घेऊन सज्ज राहणे, हा पाहुण्यांच्या समोर नेहमी घडणारा प्रकार तेवढा कटाक्षाने टाळावा.

खेळ कोणता आणि भांडण कोणते, हे ओळखता यायला हवे. खेळात आवाज फारसा होत नाही, दोघे आळीपाळीने वर-खाली होतात, मध्ये थांबतात आणि पुन्हा येतात. कान मागे चपटे, अंग फुललेले, घशातून गुरगुर आणि एकच मांजर सतत पळते आहे असे दिसले तर ते भांडण. पण म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत उघड भांडणापेक्षा मूक अडवणूक जास्त त्रासदायक ठरते. तरुण मांजर पॅसेजमध्ये नुसते आडवे पसरते, म्हातारे मांजर दाराशी येऊन थबकते आणि परत फिरते. आवाज नाही, झटापट नाही, पण तिची लघवीला जायची वाट बंद झालेली असते.

ताटे वेगळी

जेवणाच्या बाबतीत वयाचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. वाढत्या पिल्लाला दर किलो वजनामागे प्रौढ मांजराच्या दुप्पट ते तिप्पट ऊर्जा लागते. अमेरिकेतील प्राणिखाद्याच्या मानकांनुसार, पाणी वगळून, पिल्लांच्या अन्नात किमान 30 टक्के प्रथिने आणि 0.8 टक्के फॉस्फरस असावे लागते, तर प्रौढांसाठी हीच किमान पातळी 26 आणि 0.5 टक्के आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला नेमका फॉस्फरस कमी द्यायचा असतो. तेव्हा म्हातारीने पिल्लाचे किटन फूड खाल्ले तर तिच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो, आणि पिल्लाने तिचे औषधी अन्न खाल्ले तर त्याची वाढ खुंटते. घरात पाच-सहा वर्षांचे, नसबंदी झालेले, शिंके तुटायची वाट पाहणारे तिसरे मांजर असेल तर ते दोघांचीही ताटे साफ करून लठ्ठ होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. म्हातारपणी हलके खावे, या आपल्या समजुतीने अनेक जण म्हाताऱ्या मांजराचे मासे-मटण कमी करून दूध-भातावर भर देतात. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. अकरा-बारा वर्षांपुढे अनेक मांजरांची प्रथिने आणि चरबी पचवण्याची शक्ती घटते आणि स्नायू झडू लागतात, म्हणून मूत्रपिंडे धड असलेल्या म्हाताऱ्या मांजराला चांगल्या प्रतीच्या प्रथिनांची गरज उलट वाढते. दूध-भात किंवा दूध-पोळी हे पिल्लासाठीही अन्न नव्हे. दूध सुटल्यानंतर मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि टॉरिन हा त्यांच्या हृदयाला व डोळ्यांना अत्यावश्यक असलेला घटक भात-पोळीत नसतो. टॉरिनच्या अभावाने मांजराचे हृदय विस्फारते हे 1987 मध्ये दाखवून देण्यात आले, आणि तेव्हापासून तयार खाद्यांत ते पुरेसे घातले जाते. शाकाहारी घरात मांजर पाळायचे असेल तर निदान त्याच्या ताटापुरती तडजोड करावी लागते. सुकट आणि जवळा यांवर मांजर जीव टाकते, पण त्यातले मीठ म्हाताऱ्या शरीराला झेपत नाही; कधीतरी चिमूटभर, एवढेच.

ताटे वेगळी ठेवायची कशी? दिवसभर वाडगे भरून ठेवण्याची पद्धत आधी बंद करावी आणि तीन-चार ठरलेल्या वेळा कराव्यात, पिल्लासाठी आणखी एखादी. उंचीचा उपयोग करून घ्यावा: तरुण मांजर कपाटावर किंवा फ्रिजवर चढून खाऊ शकते, म्हातारीला तिथे पोचता येत नाही, म्हणून तिचे जेवण खाली आणि बंद दाराआड. न्हाणीघर किंवा देवघराची छोटी खोली वीस मिनिटांसाठी पुरते. आमच्या घरातली थोरली इतकी सावकाश जेवते की तिला घेऊन बंद खोलीत वर्तमानपत्र वाचत बसण्याचा वेळ मी दिनक्रमातच धरला आहे. म्हाताऱ्या मांजराचा वास घेण्याचा जोर कमी झालेला असतो, तेव्हा अन्न किंचित कोमट करून द्यावे आणि ताटली एखाद्या पाटावर ठेवावी, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. दात दुखत असल्यानेही मांजर जेवायला येते, हुंगते आणि परत जाते. त्याला नखरे म्हणून सोडू नये, तोंड तपासून घ्यावे. पाण्याची भांडी जेवणापासून दूर आणि घरात दोन-तीन ठिकाणी असावीत.

घमेले, फरशी आणि गॅलरी

मांजरे जितकी, त्याहून एक जास्त लिटर ट्रे असावा, हा नियम पशुवैद्य सांगतात. दोन खोल्यांत चार ट्रे कुठे ठेवायचे, हा मुंबईकराचा प्रश्न रास्त आहे. संख्या जमली नाही तरी निदान दोन ट्रे घराच्या दोन टोकांना असावेत, म्हणजे एका मांजराला दोन्हींवर पहारा करता येणार नाही. विकतचे झाकणवाले ट्रे म्हाताऱ्या मांजराला गैरसोयीचे असतात, कारण आत वळायला जागा नसते आणि दाराशी पिल्लू दबा धरून बसते. प्लॅस्टिकचे मोठे उथळ घमेले घेऊन त्याची एक बाजू कापून दहा सेंटिमीटरांपेक्षा खाली आणली आणि कापलेली कड घासून गुळगुळीत केली की उत्तम ट्रे तयार होतो. अगदी लहान पिल्लू लिटर चाखून पाहते, म्हणून तीन महिन्यांपर्यंत त्याच्यासाठी गोळे होणारे लिटर वापरू नये. ट्रे दिवसातून दोनदा साफ करताना गोळ्यांचा आकार आणि शी किती कडक आहे यावर नजर टाकावी. म्हाताऱ्या मांजरांत बद्धकोष्ठता नेहमीची असते.

आजकालच्या विट्रिफाइड फरशीवर दुखऱ्या सांध्यांचे मांजर घसरते आणि एकदा घसरले की त्या वाटेने जायला कचरते. झोपण्याच्या जागेपासून ट्रेपर्यंत आणि पाण्यापर्यंत सतरंजीची किंवा जुन्या पायपुसण्यांची पट्टी अंथरली की तिचे चालणे लगेच सुधारलेले दिसते. खिडकीपाशी स्टूल, पलंगापाशी भक्कम खोके, अशा छोट्या पायऱ्या ठेवल्या की तिच्या जुन्या जागा तिला परत मिळतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत घडी केलेली गोधडी तिच्यासाठी राखून ठेवावी. पिल्लासाठी मात्र सर्वांत आधी गॅलरी आणि खिडक्या बंदिस्त कराव्यात. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे ना, असे म्हणून निर्धास्त राहू नये. तिची खालची कड सैल असते आणि मुठीएवढे पिल्लू तेवढ्या फटीतून सहज जाते.

म्हाताऱ्या मांजराच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात आणि त्यातून आणखी एक चमत्कारिक प्रसंग उद्भवतो. ते परत येते तेव्हा त्याला औषधांचा आणि परक्या प्राण्यांचा वास लागलेला असतो, आणि वर्षानुवर्षे शेजारी झोपणारे दुसरे मांजर त्याच्यावर अनोळखी असल्यासारखे तुटून पडते. म्हणून आल्यावर त्याला काही तास वेगळ्या खोलीत ठेवावे, घरातल्या गोधडीने अंग पुसावे आणि त्याला स्वतःला चाटून घेऊ द्यावे.

औषधांच्या बाबतीत दोन धोके अगदी ठळक आहेत. सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. ती पचवणारी यंत्रणा त्याच्या यकृतात नसते आणि पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. पिल्लाच्या पिसवांवर कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले औषधही लावू नये. ते मांजरांना विषारी असते, आणि पिल्लाचे अंग चाटणारे दुसरे मांजरही त्यात सापडते.

या सगळ्या धावपळीत मधले मांजर विसरले जाते. थोरलीला औषधे, धाकट्याला खेळ, आणि पाच वर्षांच्या मधल्याला मात्र नुसते ‘बाजूला हो’. घरातली बरीचशी दादागिरी याच वयाच्या मांजराकडून होते, कारण ते सर्वांत ताकदवान असते आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. त्याचा स्वतंत्र खेळ आणि उंचावरची स्वतंत्र जागा राखली की इतर दोघांवरचा ताण बराच उतरतो.

आणखी एक गोष्ट दोन वर्षांनी घडते आणि तिची अपेक्षा बहुधा कोणी केलेली नसते. मांजर सहा महिन्यांत वयात येते, म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात नसबंदी उरकून घ्यावी. पण वागण्यातली प्रौढता त्याला दोन ते चार वर्षांच्या दरम्यान येते. तोवर थोरलीच्या एका फिस्कारण्याने मागे हटणारे मांजर या वयात हटेनासे होते. तिची झोपण्याची जागा घेते, जेवणाच्या वेळी टक लावून पाहते, ट्रेपर्यंत तिच्या मागे जाते. एव्हाना थोरली सोळा वर्षांची झालेली असते आणि तिला परतवून लावणे जमत नाही. घरचे म्हणतात, दोघे इतकी वर्षे एकत्र आहेत, आपापसांत मिटवतील. ते मिटत नाही. अशा वेळी पुन्हा पहिल्या दिवसासारखी दारे बंद करावीत, थोरलीला तिचा ट्रे, पाणी आणि गोधडी असलेली एक खोली कायमची द्यावी, धाकट्याचा खेळ वाढवावा आणि दोघांना आपण समोर असू तेवढाच वेळ एकत्र सोडावे. काही घरांत ही व्यवस्था थोरलीच्या अखेरपर्यंत चालवावी लागते, आणि तशी ती चालवण्यात मला काहीच वावगे दिसत नाही.